मायक्रोसर्व्हर जेन८ : सेलेरॉन काढून झिऑन बसवण्यात अर्थ आहे का?

कोकणकडा

नमस्कार. घरातील सामाईक साठवणीसाठी माझ्याकडे एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८ आहे. ही मालिका २०१३ साली बाजारात आली. माझे यंत्र त्यातील सर्वांत साधे, म्हणजे सेलेरॉन जी१६१०टी हा दोन कोअरचा आणि २.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर असलेले आहे. एका कार्यालयाने नवे सर्व्हर घेतल्यावर जुने सामान विकायला काढले, त्यातून ते मला मिळाले. त्यात १६ जीबी ईसीसी (स्मृतीतील चुका स्वतः सुधारणारी) रॅम आणि ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आहेत. डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा रीतीने, जोडलेल्या आहेत आणि वर ओपनमीडियाव्हॉल्ट ही साठवणीच्या यंत्रांसाठीची लिनक्स प्रणाली चालते. घरातील सर्व संगणकांचे बॅकअप, फोनमधील छायाचित्रे, बँकेची व मालमत्तेची स्कॅन केलेली कागदपत्रे आणि वडिलांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेले चित्रीकरण असा सगळा ऐवज त्यावर आहे.

अडचणी दोन आहेत. कागदपत्रे आणि छायाचित्रे ज्या भागात ठेवली आहेत तो भाग मी लक्स ही लिनक्समधील सोय वापरून एन्क्रिप्ट केला आहे. त्यावर मोठी फाइल पाठवली की वेग सेकंदाला ५५ ते ६० मेगाबाइटच्या वर जात नाही. एन्क्रिप्शन नसलेल्या भागावर मात्र त्याच वायरने, त्याच लॅपटॉपवरून ११० चा वेग मिळतो. दुसरी अडचण अशी की हॉलमधील टीव्हीवर जेलीफिन या सर्व्हरवरील चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्राममधून काही चित्रपट लावले असता दर काही सेकंदांनी चित्र अडखळते, आणि त्या वेळी प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवर गेलेला दिसतो.

या यंत्रात प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असल्यामुळे तो बदलता येतो, असे वाचले. ई३-१२२०एल व्ही२, ई३-१२६५एल व्ही२ आणि ई३-१२३० व्ही२ या तीन झिऑनची, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरची, नावे वारंवार दिसतात. यांपैकी १२६५एल मध्ये इंटेलचे ग्राफिक्स असल्याने व्हिडिओच्या कामाला तोच उपयोगी पडेल, असे मला वाटते. हा विचार बरोबर आहे का, आणि मुळात या वयाच्या यंत्रावर हा खर्च करावा का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

जुनासर्व्हर

प्रथम ग्राफिक्सचा विषय संपवू, कारण नेमक्या याच अपेक्षेने अनेक जण १२६५एल घेतात. त्या प्रोसेसरमध्ये एचडी २५०० हे ग्राफिक्स आहे, यात शंका नाही. परंतु या मदरबोर्डवर सी२०४ हा सर्व्हरसाठीचा चिपसेट आहे आणि प्रोसेसरमधील ग्राफिक्स वापरण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. मॉनिटरवर जे चित्र दिसते ते आयएलओ या व्यवस्थापन-चिपमधील मॅट्रॉक्स जी२०० कडून येते. त्यामुळे प्रोसेसर कोणताही बसवला तरी क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा स्वरूपात बदलण्याचे काम ग्राफिक्सकडून करून घेण्याची इंटेलची सोय, या यंत्रात मिळणार नाही. मिळाले असते तरी फारसे काही हाती लागले नसते, कारण त्या पिढीचे क्विक सिंक मुख्यतः एच.२६४ या जुन्या व्हिडिओ-स्वरूपासाठी आहे, आणि आजकालचे बरेचसे चित्रपट ज्या १० बिट एचईव्हीसी या नव्या स्वरूपात असतात त्याची पूर्ण हार्डवेअर सोय इंटेलने सातव्या पिढीत आणली.

म्हणजे व्हिडिओचे रूपांतर करायचेच असेल तर ते निव्वळ प्रोसेसरच्या बळावर करावे लागेल. चार कोअर आणि आठ थ्रेडचा झिऑन १०८० रिझोल्यूशनचा एच.२६४ चित्रपट सहज पेलतो. ४के एचईव्हीसीची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये.

पण त्याहीआधी हे रूपांतर का होते आहे ते पाहा. चित्रपट चालू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडलात तर त्या प्रक्षेपणाखाली ट्रान्सकोडिंगचे, म्हणजे या रूपांतराचे, कारण लिहिलेले असते. टीव्हीला व्हिडिओचा कोडेक चालत नसेल तर ते मोठे काम आहे. केवळ आवाज डीटीएसमध्ये असेल आणि टीव्हीला तो कळत नसेल, तर फक्त आवाजाचे रूपांतर होते आणि ते या सेलेरॉनलाही जड जात नाही. तिसरे कारण सबटायटल हे असते, आणि माझ्या मते तुमच्याकडे तेच असण्याची शक्यता अधिक आहे. ब्ल्यू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल ही मजकूर नसून चित्रे असतात. टीव्हीवरील ॲपला ती स्वतंत्रपणे दाखवता येत नसतील तर सर्व्हर त्यांना प्रत्येक फ्रेमवर छापून संपूर्ण चित्रपट नव्याने एन्कोड करू लागतो.

एन्क्रिप्शनची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे प्रोसेसर बदलण्याला खरा आधार आहे. इंटेलने २०१० साली एईएस-एनआय, म्हणजे एईएस पद्धतीचे एन्क्रिप्शन थेट हार्डवेअरमध्ये वेगाने करणाऱ्या सूचना, प्रोसेसरमध्ये आणल्या, पण सेलेरॉन आणि पेंटियममध्ये त्या पुढे कित्येक वर्षे बंदच ठेवल्या. तुमच्या जी१६१०टी मध्ये त्या नाहीत. याच मालिकेत मिळणाऱ्या पेंटियम जी२०२०टी मध्येही नाहीत, आणि विशेष म्हणजे आय३-३२४० मध्येही नाहीत, त्यामुळे स्वस्तात मिळतो म्हणून आय३ घेतलात तर या कामापुरता फरक जवळपास शून्य पडेल. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही झिऑनमध्ये त्या आहेत. त्याच पिढीचे आय५ आणि आय७ ईसीसी रॅमला साथ देत नाहीत, म्हणून तो मार्ग येथे नको.

खर्च करण्यापूर्वी क्रिप्टसेटअप या लक्सच्या साधनाची बेंचमार्क ही आज्ञा चालवून एईएस-एक्सटीएसच्या ओळीतील आकडे येथे द्यावेत. त्याचबरोबर एन्क्रिप्ट केलेल्या भागावर मोठी फाइल चढत असताना टॉप या चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या आज्ञेत कोणत्या प्रक्रिया वर येतात तेही पाहावे. सांबा (नेटवर्कवरून फाइल देणारा प्रोग्राम) वर असेल तर अर्थ वेगळा, केक्रिप्टडी किंवा केवर्कर (एन्क्रिप्शनचे काम करणाऱ्या प्रक्रिया) वर असतील तर वेगळा, आणि प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत असेल तर प्रोसेसर बदलून काहीच साधणार नाही.

रात्रपाळी

वरील तांत्रिक माहिती योग्य आहे, पण निवडीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या जेन८ मध्ये ई३-१२३० व्ही२ आहे. ६९ वॅटचा आकडा पाहून लोक घाबरतात, परंतु तो आकडा सतत पूर्ण भारावर चालणाऱ्या प्रोसेसरचा आहे आणि घरगुती साठवणीच्या यंत्रावर तसा भार क्वचितच येतो. एल अक्षर असलेले कमी वॅटचे झिऑन सहज मिळत नाहीत आणि मिळाले तर विक्रेते त्यांची जादा किंमत लावतात. १२३० व्ही२ मात्र जुन्या वर्कस्टेशनमधून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडलेला आहे. ३.३ गिगाहर्ट्झचा मूळ वेग असलेला प्रोसेसर कमी पैशांत मिळत असताना २.३ किंवा २.५ चा का घ्यावा?

वैशाखवणवा

रात्रपाळी यांचे म्हणणे मुंबई-पुण्यात किंवा वातानुकूलित खोलीत चालेल. मी नागपूरला राहतो आणि मे महिन्यात यंत्र ज्या खोलीत आहे तेथे दुपारी ३८-३९ अंश तापमान असते. जेन८ मध्ये प्रोसेसरला स्वतःचा पंखाच नाही. हीटसिंकवर फक्त ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत आणि संपूर्ण यंत्रासाठी मागच्या बाजूला एकच मोठा पंखा आहे. तो जी हवा ओढतो ती आधी चार डिस्कमधून गरम होऊन येते. सेलेरॉनसोबत आलेला हीटसिंक ३५ वॅटच्या प्रोसेसरसाठी आहे, हेही ध्यानात ठेवावे. रेडची तपासणी, बॅकअप आणि व्हिडिओचे रूपांतर एकाच रात्री आले की ६९ वॅटचा प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून तग धरतो आणि पंख्याचा आवाज झोपेच्या खोलीपर्यंत पोहोचतो. वेगासाठी घेतलेला प्रोसेसर गरजेच्या वेळी वेग कमी करणार असेल तर त्या ३.३ गिगाहर्ट्झचा उपयोग काय?

आणखी एक सूचना. तापमान पाहण्यासाठी आयएलओच्या पानावर विसंबू नये. तेथील सीपीयूच्या ओळीत बहुतेक वेळ ४० अंश असा स्थिर आकडा दिसतो आणि भार वाढला तरी तो हलत नाही. लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स बसवून कोअरचे खरे तापमान पाहावे.

शेजारघर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे सिनॉलॉजीचे डीएस९१८+ हे घरगुती साठवणीचे तयार यंत्र आहे आणि त्यात सेलेरॉन जे३४५५ आहे. त्यातही असा बदल करता येईल का?

जुनासर्व्हर

नाही. जे मालिकेतील प्रोसेसर मदरबोर्डवर थेट डाख देऊन बसवलेले असतात. घरगुती साठवणीच्या बहुतांश तयार यंत्रांत हीच पद्धत आहे. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ क्यूनॅपच्या टीव्हीएस-६७१ आणि त्याच्या भावंडांमध्ये एलजीए ११५० सॉकेट होते. पण तुम्हाला हे करण्याची गरजही वाटू नये, कारण तुमच्या जे३४५५ मध्ये एईएस-एनआय आहे आणि १० बिट एचईव्हीसी उलगडण्याची हार्डवेअर सोयही आहे. त्या यंत्रात मर्यादा जाणवत असेल तर आधी रॅम तपासा.

कोकणकडा

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले.

क्रिप्टसेटअपच्या बेंचमार्कमध्ये ५१२ बिट किल्लीच्या एईएस-एक्सटीएसचा वेग एन्क्रिप्ट करताना आणि उलगडताना दोन्हीकडे सेकंदाला १२० मेगाबाइटच्या आसपास आला. फाइल चढत असताना टॉपमध्ये केवर्करच्या प्रक्रिया सतत वर होत्या, त्यांच्याखाली सांबा आणि त्याखाली रेडची प्रक्रिया होती. दोन्ही कोअर पूर्ण भरलेले होते आणि डिस्कसाठी थांबण्याचा वेळ नगण्य होता. लक्स हे रेडच्या वरच्या थरावर आहे, प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र नाही.

व्हिडिओबाबत जुनासर्व्हर यांचा अंदाज खरा ठरला. अडखळणाऱ्या प्रत्येक चित्रपटाखाली सबटायटलचेच कारण लिहिलेले होते. त्यांपैकी एका चित्रपटाची एसआरटी या साध्या मजकुराच्या स्वरूपातील सबटायटल फाइल शेजारी ठेवून पीजीएस बंद केले, तेव्हा तो टीव्हीवर थेट चालू लागला आणि प्रोसेसरचा वापर पाच टक्क्यांच्या खाली राहिला. म्हणजे दोन अडचणींपैकी एक प्रोसेसरची नव्हतीच. आता फक्त एन्क्रिप्शनसाठी बदल करायचा झाल्यास कोणता झिऑन घ्यावा?

तांब्याचीतार

फक्त एन्क्रिप्शनचाच प्रश्न उरला असेल तर प्रोसेसर न बदलताही एक वाट आहे. ज्या उपकरणांत एईएसच्या सूचना नाहीत त्यांच्यासाठी गूगलने फेब्रुवारी २०१९ मध्ये अ‍ॅडिअँटम ही पद्धत जाहीर केली. तिचा पाया चाचा या सायफरवर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या सूत्रावर, आहे. लिनक्सच्या ५.० पासून ती कर्नलमध्ये आहे आणि लक्समध्ये वापरता येते. स्वस्त फोनसाठी केलेली असली तरी तुमचा सेलेरॉन त्याच अवस्थेत आहे. बेंचमार्कमध्ये तिचाही वेग मोजून पाहावा. अडचण इतकीच की संपूर्ण भाग नव्याने एन्क्रिप्ट करावा लागेल, आणि त्यासाठी सगळा डेटा दुसरीकडे सुरक्षित असायला हवा.

दुसरी वाट म्हणजे एन१०० सारख्या नव्या, सहा वॅटच्या प्रोसेसरवरील यंत्र घेणे. एईएस, एचईव्हीसी आणि एव्ही१ उलगडण्याची सोय असे सगळे त्यात आहे. पण त्यात अधिकृतपणे ईसीसी नाही, आणि चार डिस्क बसतील अशी पेटी, वीजपुरवठा व साटाची जोडणी यांचा खर्च धरला की हिशोब बदलतो.

जुनासर्व्हर

अ‍ॅडिअँटमची सूचना चांगली आहे आणि मोजून पाहायला काहीच जात नाही. तरीही माझा कल झिऑनकडे आहे, कारण सगळा भाग नव्याने एन्क्रिप्ट करण्यातील धोका प्रोसेसर बदलण्यातील धोक्यापेक्षा मोठा आहे. एईएस-एनआय आल्यावर त्याच बेंचमार्कमध्ये सेकंदाला हजार मेगाबाइटच्या वर आकडा दिसेल, आणि मग तुम्हाला अडवणारी गोष्ट १ गिगाबिटची वायर राहील. ११०-११५ च्या पुढे तुम्ही तेव्हाही जाणार नाही, ही अपेक्षा आताच स्पष्ट असलेली बरी.

तुमच्या कामासाठी मी तिघांतील सर्वांत लहान, म्हणजे ई३-१२२०एल व्ही२ निवडेन. तो दोन कोअर आणि चार थ्रेडचा, १७ वॅटचा प्रोसेसर आहे, गरजेला ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि तुमच्याकडील ३५ वॅटच्या हीटसिंकवर निर्धास्त चालतो. पुढे दोन-चार कंटेनर किंवा एखादे आभासी यंत्र चालवण्याचा विचार असेल, किंवा १२२०एल रास्त किमतीत मिळतच नसेल, तर ४५ वॅटचा १२६५एल व्ही२ घ्यावा. तोही याच हीटसिंकवर अनेकांकडे व्यवस्थित चालतो. रात्रपाळी यांच्या १२३० व्ही२ ला मी नाव ठेवत नाही, पण जो वेग तुमच्या वायरमधून बाहेरच पडणार नाही त्यासाठी उष्णता का वाढवावी?

वीजबिलाच्या आशेने मात्र यापैकी काहीच करू नये. हे यंत्र दिवसाचा बहुतांश वेळ नुसते बसून असते आणि त्या अवस्थेत या पिढीच्या प्रोसेसरांतील फरक थोडाच असतो. वर्षभर चोवीस तास १० वॅट वाचले तरी ती ८७.६ युनिट होतात, म्हणजे १० रुपये युनिट धरले तर वर्षाला ८७६ रुपये. आणि प्रत्यक्षात १० वॅटही वाचणार नाहीत.

खरेदी करताना नावातील शेवटची दोन अक्षरे पाहावीत. १२६५एल व्ही३ या नावाचाही प्रोसेसर आहे, तोही ४५ वॅटचा आणि २.५ गिगाहर्ट्झचा. पण तो एलजीए ११५० चा असल्यामुळे तुमच्या ११५५ च्या सॉकेटमध्ये बसणार नाही, कारण दोन्हींच्या कडेवरील खाचांची जागा वेगळी आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, जेथून घ्याल तेथे प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवरील कोरीव अक्षरांचा स्पष्ट फोटो मागावा. त्यावर मॉडेलच्या जागी कॉन्फिडेन्शियल असे कोरलेले असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, तो घेऊ नये. खालच्या सोनेरी ठिपक्यांचाही फोटो पाहावा. पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असल्यामुळे प्रोसेसरला वाकण्यासारखे काही नसते, पण ठिपके काळवंडलेले किंवा खरवडलेले असू शकतात.

बसवण्यापूर्वी, जुना सेलेरॉन आत असतानाच, सिस्टिम रॉम, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्यावा. या यंत्राच्या रॉमचे कुटुंब जे०६ या नावाचे आहे. तुमची आवृत्ती जुनी असली तरी झिऑन ओळखला जाईल, पण सुरक्षेसंबंधीचे मायक्रोकोडचे बदल २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत आहेत. बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे ना, हेही तपासावे. रेड ५ म्हणजे बॅकअप नव्हे.

प्रत्यक्ष कामात वेळ जातो तो केबल काढण्यात. मदरबोर्ड तळाशी एका ट्रेवर आहे आणि तो मागच्या बाजूने सरकवून बाहेर काढावा लागतो, पण त्याआधी मुख्य वीजजोडणी, पंखा, पुढच्या बटणांची केबल आणि चारही डिस्कची जाड मिनी-सॅस केबल सोडवावी लागते. या शेवटच्या केबलला खिटी असते. ती दाबून धरल्याशिवाय ओढू नये. सगळ्या जोडण्यांचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. हीटसिंकचे चार टॉर्क्स स्क्रू एकदम पूर्ण न सोडवता समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे ढिले करावेत. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, म्हणून यंत्र बंद करण्यापूर्वी थोडा वेळ प्रोसेसरवर भार टाकून ते गरम करावे आणि मग हीटसिंक सरळ वर न ओढता हलकेच पिळून सोडवावा. पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली की पुरे. सॉकेटच्या पिनांवर बोट किंवा कापड टेकू देऊ नये.

पहिल्यांदा सुरू करताना मॉनिटर जोडण्याची गरज नाही. आयएलओच्या रिमोट कन्सोलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतचा भाग आयएलओचा परवाना विकत न घेताही दिसतो, आणि प्रोसेसरचे नवे नाव तेथेच वाचता येईल. सुरुवातीची तपासणी हे यंत्र मुळातच सावकाश करते, तेव्हा काही मिनिटे पडद्यावर हालचाल दिसली नाही तरी वीज बंद करू नये. सुरू झाल्यावर प्रोसेसरच्या माहितीतील फ्लॅग्जच्या ओळीत एईएस हे अक्षर आले आहे का ते पाहावे आणि बेंचमार्क पुन्हा चालवावा. लक्समध्ये काहीही बदलावे लागत नाही, कर्नल नव्या सूचना आपोआप वापरू लागतो.

कोकणकडा

खूप सविस्तर मार्गदर्शन मिळाले. मुंबईतील एका विक्रेत्याकडे १२२०एल व्ही२ उपलब्ध आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत व्ही२ ही अक्षरे स्पष्ट दिसत आहेत, पण खालच्या बाजूचा फोटो अजून आलेला नाही, तो आल्यावरच पैसे देईन. एकच शंका राहिली. मदरबोर्डचा ट्रे बाहेर काढायचाच आहे तर चारही डिस्क आधी काढून ठेवाव्यात का, आणि परत लावताना त्यांचा क्रम चुकला तर रेड मोडेल का?

जुनासर्व्हर

डिस्क काढून ठेवाव्यात. यंत्र हलके होते आणि उलटसुलट करताना धक्का लागत नाही. ओपनमीडियाव्हॉल्टमधील रेड हे लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड असल्यामुळे प्रत्येक डिस्कवरच तिची ओळख लिहिलेली असते, क्रम चुकला तरी संच जुळतो. तरीही डिस्कच्या चौकटींवर (कॅडीवर) १ ते ४ असे कागदाचे तुकडे चिकटवावेत. पहिल्या दोन कप्प्यांना ६ गिगाबिटची साटा जोडणी आहे आणि उरलेल्या दोहोंना ३ ची, आणि पुढे कधी एखादी डिस्क बिघडली तर कोणत्या कप्प्यातील ती शोधत बसावे लागू नये.